पारावरची शपथ

मी सातवीत असताना, हरभरा काढणीच्या दिवसांत, एका बुधवारी सकाळी आमच्या चारीचं तिसरं दार उघडं सापडलं. त्या दाराच्या शेतात तात्यांनी उपटून ढीग घालून ठेवलेला सगळा हरभरा पाण्यात भिजला. दाराला साखळी आणि कुलूप होतं. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली माझ्या वडिलांकडे होती.

आमची वस्ती लासुर्ण्याच्या पुढे, कालव्याला लागून होती. कालव्यातून शेतांकडे जो लहान पाट निघतो त्याला आमच्याकडे चारी म्हणतात. चारीवर जागोजागी लोखंडी पत्र्याची दारं असत. दार वर उचललं की पाणी शेतात वळे, खाली सोडलं की पुढच्याकडे जाई. कुणाची पाळी कधी, कुणाचं दार किती वेळ, हे बघायला चारीवरच्या शेतकऱ्यांनी मिळून एक माणूस ठेवलेला असे. त्याला पाटकरी म्हणत. माझे वडील, शांतवन, हे त्या चारीचे पाटकरी होते. कामाबद्दल सुगीला प्रत्येक रानातून धान्य मिळे, आणि चारीच्या तोंडाशी असलेलं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर राहायला मिळे. काम असेपर्यंत घर, असा तो ठराव होता. वडिलांची स्वतःची जमीन नव्हती आणि दुसरं घरही नव्हतं.

त्या घराची आठवण म्हणजे आधी आवाजांची आठवण. पाणी सुटलेलं असलं की ते भिंतीच्या पलीकडून चोवीस तास बोलत राही, आणि पाणी बंद झालं की पहिली रात्र आम्हाला झोप येत नसे. लांबून साखर कारखान्याचा भोंगा ऐकू येई. आई त्यावर चूल पेटवी. पाणी ओसरलं की चारीच्या खड्ड्यांत चिलापी मासे अडकत. आई ते हळद-मीठ लावून तव्यावर टाकी आणि आम्ही ज्वारीच्या भाकरीशी खात असू. एरवी शेंगदाण्याची चटणी, हुलग्याचं माडगं, गूळ करणाऱ्यांपैकी कुणी दिली तर वाटीभर काकवी. वस्तीवर ख्रिस्ती घर आमचं एकच. दिवेलागणीला आई खंजिरी घेई, वडील पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक भाग वाचत, आम्ही दोन गीतं म्हणत असू आणि मग प्रार्थना. शेजारच्या बाया त्या वेळेला "इस्तरच्या घरचं भजन झालं, आता वैरण टाका" म्हणत. माझं नाव एस्तेर. वस्तीवर इस्तर.

त्याच्या आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ दानिएल तापानं गेला होता. इंदापूरच्या दवाखान्यात त्याच्या खाटेशी वडिलांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, बारामतीहून आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी येऊन केली, आणि आईनं तर तोंडातून शब्द फुटेनासा होईपर्यंत केली. तो वाचला नाही. त्यानंतर घरातली उपासना एक दिवसही चुकली नाही, पण वडील स्वतःहून प्रार्थना करायचे थांबले. ते वाचत, आई प्रार्थना करी, ते आमेन म्हणत. पहाटे मात्र ते एकटे उठून चारीच्या काठानं चालत जात आणि उजाडल्यावर परत येत. कशाला जातात हे मी कधी विचारलं नव्हतं.

त्या बुधवारी ते परत येऊन चूळ भरत होते, तेवढ्यात तात्या दारात आले. चारीवरचे ते सगळ्यांत मोठे बागायतदार. वय झालेलं, आवाज खणखणीत, धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. त्यांच्या मुठीत हरभऱ्याचे भिजलेले डहाळे होते.

"शांतवन, हे काय हाय?"

"हरभरा हाय, तात्या. भिजलाय."

"डोळं हायेत मला. दार कुणी उघडलं?"

"मी न्हाय उघडलं."

"मग काय बेडकानं उघडलं व्हय? किल्ली कुणाकडं हाय?"

वडिलांनी कमरेची किल्ली काढून दाखवली. तात्यांनी ती हातात घेतली नाही. "शुक्रवारी पारावर ये," ते म्हणाले. "चारीवरची सगळी मंडळी बोलावतो. तितं शपथ घे आन मोकळा हो. तू शपथेवर न्हाय म्हणलास तर माझी तक्रार न्हाय."

यात अन्याय काही नव्हता, हे आज मी तटस्थपणे लिहू शकते. आमच्या भागात पाण्याची भांडणं अशीच मिटत. देवळातला बेल आणि भंडारा हातात उचलून माणसानं सांगितलं की ते धरलं जाई, आणि पुन्हा तो विषय कुणी काढत नसे. पोटच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ त्याहून मोठी. खोटी शपथ घेतली तर पोर जगत नाही, असं लोक मानत. म्हणूनच शपथ नाकारणाऱ्याबद्दल कुणाला शंकाच उरत नसे. निर्दोष माणूस शपथ का नाकारील, या प्रश्नाला वस्तीवर एकच उत्तर होतं.

वडिलांनी त्याच संध्याकाळी आईला सांगितलं, की शपथ घेणार नाही.

आईनं परातीतलं पीठ तसंच ठेवलं. "का? खरं तेच बोलायचंय न्हवं? खोटं बोलणाऱ्यानं भ्यावं."

"घेऊ नका म्हणून सांगितलंय."

"कुणी?"

"प्रभूनं. व्हय तर व्हय म्हणा, न्हाय तर न्हाय म्हणा, शपथेच्या वाटंला जाऊ नका म्हणून."

"ज्यानं दानिएलच्या वक्ताला आपलं ऐकलं न्हाय, त्यानं?"

वडिलांनी किल्ली कमरेहून सोडून फळीवर ठेवली. मग म्हणाले, "व्हय. त्यानंच."

त्या दिवशी उपासनेत त्यांनी वर्षभरानंतर पहिल्यांदा आमच्यासमोर प्रार्थना केली. ती इतकी लहान होती, की मला जशीच्या तशी आठवते. "प्रभू, तुझं हे सांगणं मला पटत न्हाय. का सांगितलंस तेबी कळत न्हाय. तू ऐकतोस का न्हाय, तेबी मला ठाऊक न्हाय. पर तू सांगितलंयस, तर मी ऐकतो. आमेन." आमेन मी एकटीच म्हणाले. आईनं खंजिरी खुंटीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी आईच्या आग्रहावरून वडील पाळकसाहेबांना भेटायला बारामतीला गेले. मला शाळा बुडवून बरोबर नेलं. पाळकसाहेब शिकलेले, मायाळू गृहस्थ होते. त्यांनी बसवून चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि समजावून सांगितलं. कोर्टात आपण शपथ घेतो. लग्नात वचन देतो. प्रभूचा रोख ऊठसूट देवाचं नाव घेऊन व्यवहार करणाऱ्यांवर होता, असं पुष्कळ विद्वानांचं मत आहे. "अहो शांतवनराव, पोरीच्या डोक्यावरचं छप्पर जातंय. मन मोकळं ठेवा."

"म्हंजे घेतली तर पाप न्हाय?" वडिलांनी विचारलं.

"नाही. माझ्या मते नाही."

"आन न्हाय घेतली तर?"

पाळकसाहेब थोडे घुटमळले. "तर... तेही पाप नाही."

"मग न्हायच घेत, साहेब."

पाळकसाहेब हसले. त्यांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. स्टँडवर वडिलांनी मला खारी घेऊन दिली. एसटी निघाल्यावर, खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "साहेबांचंच खरं असलं, तर मी उगंच घर घालवतोय, इस्तर." मी म्हणाले, "मग ठेवा की हात माझ्या डोक्यावर. मला काय बी होत न्हाय." ते म्हणाले, "ते मला ठाऊक हाय." पुढे वर्तमानपत्रात काम करताना मी अनेक माणसांना त्यांच्या निष्ठेबद्दल बोलताना ऐकलं आणि त्यांचं बोलणं लिहून घेतलं. त्यांतली बहुतेक माणसं खात्रीनं बोलत. खात्री नसतानाही जागचा न हललेला माणूस मी आधी घरात पाहिला होता.

शुक्रवारी पारावर चारीवरची सगळी मंडळी जमली. शाळा सुटायची वेळ होती, त्यामुळे पोरंही होती. माझ्या वर्गातल्या मुलींनी मला आधीच सांगून टाकलं होतं, की तुझा बाप तुझ्या डोक्यावर हात ठेवायला भितोय, म्हणजे दार त्यानंच उघडलं. मी त्यांच्यापासून लांब, आईच्या पदराशी उभी होते. बायका पारावर चढत नसत. त्या खालच्या बाजूला, पिठाच्या गिरणीच्या भिंतीशी उभ्या राहत.

बैठकीत मुनीरचाचा पुढे होते. त्यांचं किराणा दुकान होतं, चारीवर थोडी जमीन होती, आणि भांडण मिटवायला दोन्ही बाजू त्यांनाच बोलावत. ते वडिलांना म्हणाले, "शांतवनभाऊ, तुमाला बेलभंडारा चालत न्हाय, आमी जबरदस्ती करत न्हाय. तुमचं पुस्तक आणा, त्येच्यावर हात ठेवा. मागं बोकडाच्या भांडणात मी कुराणावर ठेवला. झडला का माझा हात?"

लोक हसले. वडीलही हसले. म्हणाले, "चाचा, अडचण ती हाय. ज्या पुस्तकावर हात ठेवायचा, त्यातच लिवलंय की शपथ घेऊ नको."

"म्हंजे तुझं पुस्तकच तुझ्या बाजूनं न्हाय व्हय?" तात्या म्हणाले. या वेळी सगळा पार हसला.

"तात्या, दार मी उघडलं न्हाय. न्हाय म्हणजे न्हाय. हे मी तुमाला सांगितलं, आन हजारदा इचारलं तरी हेच सांगीन. त्याच्यावर आणखी काय ठेवू?"

"पोरीच्या डोक्यावर हात ठेव."

"न्हाय."

मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ काय, हे सातवीतल्या मुलीलाही कळत होतं. तेवढ्यात आईनं माझं मनगट धरलं. ती मला ओढत पारावर घेऊन गेली. कुणीतरी "अवो बाई" म्हणालं, पण तोपर्यंत ती मधोमध उभी होती. तिचा पंजा माझ्या डोक्यावर पडला.

"माझ्या एकुलत्या एक लेकीची शपथ," ती म्हणाली. "हे त्या रात्री घरातनं हललं न्हाईत. उजाडून ऊन येस्तवर माझ्या डोळ्याम्होरं हुते. आता तरी झालं का समाधान?"

झालं होतं. मंडळींचे खांदे सैल पडलेले मला दिसले. एक लेक गमावलेल्या बाईनं उरलेल्या लेकीची शपथ घेतली होती, त्यापुढे विचारायचं काही नव्हतं. तात्यांनी धोतर झटकलं आणि म्हणाले, "बास. मिटलं. मुनीर, च्या सांग." चाचांनी दुकानातल्या माणसाला हाक मारली. आमचं घर आणि वडिलांचं काम, दोन्ही त्या क्षणी शाबूत होतं.

वडील म्हणाले, "तात्या, ती शपथ धरू नका."

आई त्यांच्याकडे बघत राहिली.

"तिला घराची काळजी हाय म्हणून बोलली. तिचा राग धरू नका. पर मी पहाटं घरात नव्हतो. चारीनं गेलतो, तिसऱ्या दाराच्याबी पुढं. जाताना दार बंद हुतं. कुलूप ओढून बघितलं न्हाय. येताना मी बांधावरनं आलो, दार माझ्या नजरंला पडलं न्हाय."

"पहाटं कशाला गेलतास?" तात्यांनी विचारलं.

"प्रार्थनेला."

"का, घरात देव न्हाय व्हय?" मागून कुणीतरी ओरडलं. काही जण हसले.

"पोरगं गेल्यापासनं घरात जमत न्हाय," वडील म्हणाले. हसणारे थांबले.

निर्णयाला वेळ लागला नाही. दार उघडलं गेलं त्या सुमारास किल्लीचा माणूस दारापाशी होता, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, आणि शपथ घ्यायला तो तयार नव्हता. पुढच्या पाळीचं पाणी सुटेपर्यंत घर रिकामं करायचं ठरलं. चाचा वडिलांच्या जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "काय मिळवलंत भाऊ?" चहा आला होता. तो कुणी घेतला, मला आठवत नाही.

त्यानंतरचे दिवस आई वडिलांशी बोलली नाही. भाकरी मात्र रोज गरम वाढली. तिच्या मनात राग होता, असं मी तेव्हा समजत होते. पुष्कळ वर्षांनी तिनंच मला सांगितलं, की राग पहिल्या दिवशीच ओसरला होता, उरली होती ती भीती. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून खोटं सांगितलं होतं. सकाळी मला जाग येई तेव्हा तिचा हात माझ्या कपाळावर असे. मी शिंकले तरी ती हातातलं काम टाकून येई. एकदा न राहवून तिनं वडिलांना विचारलं, "देव हिला नेईल का हो?" त्या आठवड्यात ती त्यांच्याशी बोललेलं हे एकच वाक्य. वडील म्हणाले, "न्हाय नेणार." तिनं विचारलं, "ठाऊक हाय तुमाला?" ते म्हणाले, "ठाऊक न्हाय. पर मी त्याच्यावर इसंबलोय. तूबी इसंब." मग त्यांनी घरातच, चुलीपुढे, तिच्याशेजारी बसून प्रार्थना केली.

पुढच्या रविवारी बारामतीच्या चर्चमध्ये प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. पाळकसाहेबांनी बोलावल्यावर लोक रांगेनं पुढे जाऊ लागले. आई उठली नाही. खोटी शपथ घेतलेल्या हातानं भाकर घ्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. आमच्या बाकावरची माणसं आमचे गुडघे ओलांडून गेली. वडील उठून उभे राहिले, त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि परत खाली बसले. शेवटचा माणूस जागेवर येईपर्यंत दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. वडिलांना प्रभुभोजन चुकवताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. उपासना संपल्यावर आई त्यांच्याशी बोलायला लागली. विषय घोंगड्या बांधायच्या कशात, हा होता.

सामान फार नव्हतंच. भांडी पोत्यात भरून झाली होती, ट्रंक बाहेर ओट्यावर काढली होती. जायचं कुठे, ते ठरलं नव्हतं. पणदऱ्याला आईचा चुलतभाऊ होता, त्याच्याकडे काही दिवस काढायचे आणि गोठ्यांवर काम बघायचं, इतकंच बोलणं झालं होतं. दुपारी तात्या आले. आत न येता ट्रंकेवर बसले आणि फेटा काढून गुडघ्यावर ठेवला.

"एक इचारतो," ते वडिलांना म्हणाले. "तुझ्या बायकूनं तुला सोडवलं हुतं. माझं समाधान झालं हुतं. गप बसला असतास तर आज हे बोचकं बांधायची पाळी नव्हती. का बोललास?"

"ती म्हणली ते खरं नव्हतं."

"आन?"

"आन काय न्हाय. तेवढंच."

तात्यांनी चारीकडे बघितलं. चारी कोरडी होती. "हे बघ," ते म्हणाले, "माझी शंका गेल्याली न्हाय. किल्ली तुझ्याकडं हुती, तू तितं हुतास. कुणीबी असाच इचार करंल. पर मला आता झोप लागंना. सुटलेला माणूस सोत्ताला परत अडकवून घेतो, आसं मी बघितलं न्हवतं. परवा पाणी येतंय. दारं तूच बघ."

"बाकीची मंडळी?"

"बाकीच्यांचं मी बघतो. माझा हरभरा भिजला, त्येंचा न्हाय."

आई आतून सगळं ऐकत होती. ती उंबऱ्याशी आली. "तात्या, मग आता शपथ घ्यावी लागंल का पुन्हा?"

तात्यांनी फेटा डोक्यावर ठेवला. "नगं बाई. त्यानं आता घेतली, तर माझा ईश्वास बसायचा न्हाय."

ते गेल्यावर आईनं पोत्यातून तवा बाहेर काढला.

पाणी ठरल्या दिवशी आलं. पहिलं दार वडिलांनी उघडलं. पुढच्या प्रभुभोजनाला आईवडील दोघंही रांगेत उभे राहिले. वडील गुडघ्यांनी साथ सोडेपर्यंत त्या चारीचे पाटकरी राहिले. त्यांच्या काळात चारीवर भांडणं पुष्कळ झाली. वडिलांकडे शपथ मात्र पुन्हा कुणी मागितली नाही. तात्यांच्या मुलांच्या वाटणीत बांध कुठून जातो यावर वाद झाला, तेव्हा त्यांनी माझ्या वडिलांना बोलावून नेलं आणि ते सांगतील तिथे दगड रोवला. मी पुण्यात बातमीदार झाल्यावर त्या बुधवारची चौकशी दोन वेळा केली. पहिल्या वेळी तात्या हयात होते, दुसऱ्या वेळी मी चाचांशी बोलले. त्या पाळीला चारीवर असलेल्या जितक्या माणसांना गाठता आलं, त्या सगळ्यांना मी विचारलं. आता तिथे पाइपलाइन आहे, चारी बुजवली आहे.

तिसरं दार कुणी उघडलं, हे आजपर्यंत कळलेलं नाही.